तिन्ही दलांची अवकाशातली माहिती त्याच क्षणी एका पडद्यावर आणायची, तर अडतं कुठे?

शिवडीची खाडी (रविवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी.

मी शिवडीला राहते, ऑफिस बेलापूरला. चौदा जणांची कंपनी आहे. आम्ही बंदरांसाठी सॉफ्टवेअर करतो: जहाजांचे एआयएस संदेश (जहाज आपलं स्थान स्वतः रेडिओवरून सांगतं ते), किनाऱ्यावरच्या रडारचे ठिपके, पायलट लाँचवरचा (जहाजांवर वाटाडे पोचवणाऱ्या छोट्या बोटीवरचा) जीपीएस, हे सगळं एका नकाशावर बसवायचं. सहा वर्षं रोज हेच करतेय.

आता आमच्या साहेबांनी आयडेक्सच्या (संरक्षण मंत्रालयाची नवउद्योगांसाठीची योजना) अवकाशाशी संबंधित एका आव्हानासाठी अर्ज करायचं ठरवलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मिशन डेफस्पेस’ची ७५ आव्हानं जाहीर झाली, तेव्हापासून ते त्यांच्या मनात घोळतंय. अर्जातलं एक प्रकरण माझ्या वाट्याला आलंय: वेगवेगळ्या लष्करी यंत्रणांकडची अवकाशाची माहिती एकमेकांना रिअल टाइम कशी मिळेल. शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय.

उघड माहितीतून मला दिसणारं चित्र असं. बंगळूरला तिन्ही दलांची मिळून डिफेन्स स्पेस एजन्सी आहे. तिथेच इस्रोचं आयएसफोरओएम हे केंद्र जुलै २०२२ पासून उपग्रहांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवतं. नौदलाकडे २०१३ पासून जीसॅट-७ हा संदेशवहनाचा उपग्रह आहे, हवाई दलाकडे डिसेंबर २०१८ पासून जीसॅट-७ए. जमिनीवर माहिती एकत्र करून नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा: हवाई दलाची आयएसीसीएस, लष्कराची आकाशतीर, नौदलाची त्रिगुण. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर या तिन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या असल्याचं सरकारी पत्रकातच आलं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांना मंजुरी मिळाल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे माहिती अनेक पटींनी वाढणार, आणि प्रत्येकाची चूल अजून बरीचशी वेगळी.

आमच्याकडचे तरुण सहकारी म्हणतात, मधे काफ्का (संदेशांची सामाईक रांग चालवणारं सॉफ्टवेअर) टाकू, प्रत्येकाने आपापली माहिती त्यावर टाकायची, ज्याला हवी त्याने उचलायची. साहेबांनी स्लाइडसुद्धा केलीय. मोठ्या अक्षरांत ‘माहिती ५०० मिलिसेकंदांत’. मला ती स्लाइड खटकते, आणि का खटकते ते एका प्रसंगावरून सांगते.

मागच्या ऑगस्टमध्ये एका बंदराच्या (कुठलं ते लिहीत नाही) नकाशावर आम्हाला एकाच पायलट लाँचचे दोन ठिपके दिसायला लागले. एक पुढे, एक मागे, दीडदोनशे मीटरचं अंतर कायम. पाहणाऱ्याला वाटावं एक बोट दुसरीच्या पाठलागावर आहे. लाँच वळली की दोन्ही वळायचे, थांबली की मागचा येऊन पुढच्यावर बसायचा. माहिती पोचत होती झपाट्याने, अर्ध्या सेकंदाच्या आतच.

दोन दिवस आम्ही कोड चाळला. शेवटी मी छत्री घेऊन जेटीवर जाऊन उभी राहिले. लाँच एका बोयाला घासून गेली ती वेळ मोबाइलवर टिपली आणि परत येऊन दोन्ही नोंदींशी ताडून पाहिली. एआयएस दोन सेकंदांच्या आत जुळलं. रडारची नोंद १८ सेकंद पुढची होती. तेव्हा उलगडा झाला: रडारच्या डब्यातलं घड्याळ जीपीएसची कच्ची वेळ लिहीत होतं, यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) नव्हे. जीपीएसच्या वेळेत लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) धरत नाहीत, म्हणून आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. लाँच २० नॉट्सने चाललेली, म्हणजे सेकंदाला दहा मीटरांहून थोडं जास्त. गुणाकार केला, १८५ मीटर. आमची पाठलाग करणारी बोट सापडली.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. एआयएसच्या स्थानसंदेशात तास-मिनिटं नसतातच, ० ते ५९ मधला सेकंदाचा आकडा तेवढा असतो. पूर्ण तारीखवेळ लावतो तो संदेश पकडणारा रिसीव्हर. म्हणजे ज्या वेळेवर आम्ही इतका विश्वास टाकत होतो, ती बोटीने सांगितलेली नव्हतीच.

आता हेच आकाशात. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो. तेच १८ सेकंद, १३५ किलोमीटर. शिवडीहून सरळ रेषेत पुण्याच्याही पलीकडे.

म्हणून माझा प्रश्न: या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावं, अशा यंत्रणा जोडताना खरी अडचण कुठे येते? आणि ५०० मिलिसेकंदांच्या जागी मी त्या स्लाइडवर काय लिहू?


निवृत्त बिनतारी (सोमवार, सकाळी ६:१५)

अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची असावी. मी नौदलाच्या कम्युनिकेशन शाखेत २६ वर्षं होतो, आता उरणजवळ करंजाला असतो. लिहितोय ते सगळं वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रकांत आलेलंच आहे, त्यापलीकडचं विचारू नकोस.

तू जेटीवर जाऊन उभी राहिलीस हे वाचून फार बरं वाटलं.

आमच्या वेळी सिग्नल लॉगमध्ये प्रत्येक संदेशासमोर तीन वेळा लिहायच्या असत. संदेश तयार कधी झाला, आपल्या हाती कधी आला, पुढे कधी गेला. सगळ्या झुलू वेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या. नवीन पोरांना वाटायचं ही कारकुनी आहे. एकदा जुलैत रत्नागिरीच्या बाहेर होतो, एक मालवाहू जहाज इंजिन बंद पडून वाहवत चालल्याचा संदेश आला. हवामान इतकं खराब की एचएफ रेडिओवर तो चाळीस मिनिटं अडकून मग पोचला. ड्यूटीवरच्या पोराने संदेश मिळाल्याची वेळ धरून ते स्थान नकाशावर मांडलं. आमच्या चीफने कागद हातात घेतला, तयार झाल्याची वेळ वाचली आणि काही न बोलता पेन्सिलीने ती खूण खोडली. जहाज तीन नॉट्सने वाहत होतं, चाळीस मिनिटांत दोन सागरी मैल. त्या पावसात दोन मैल चुकलो असतो तर समोरचं जहाज दिसलंसुद्धा नसतं. तो कागद चीफने आम्हाला सगळ्यांना आळीपाळीने हातात धरायला लावला.

या तीनही वेळा प्रत्येक नोंदीसोबत शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. मधल्या कुठल्याही यंत्राने आपली वेळ आधीच्या वेळेवर लिहायची नाही, शेजारी लिहायची.

आता तू विचारलंस अडतं कुठे. मुंबईच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहाजण रबरी बोटीतून कफ परेडला, बधवार पार्कच्या कोळीवाड्यापाशी उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. समुद्रावर नजर ठेवणारे त्याआधीही कमी नव्हते: नौदल, तटरक्षक दल, कस्टम, बंदर, मत्स्यव्यवसाय खातं, पोलीस. समुद्र एक, वह्या सहा. दोष कोणाचा ते मी लिहीत नाही, त्यावर चौकश्या झाल्या. पुढे काय केलं ते महत्त्वाचं. २००९ मध्ये समुद्री सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली. मुंबई, विशाखापट्टणम, कोची आणि पोर्ट ब्लेअरला संयुक्त कार्यवाही केंद्रं झाली, त्यांत नौदल आणि तटरक्षक दल शेजारी शेजारी बसतात. २०१४ मध्ये गुरुग्रामला आयमॅक हे नौदलाचं माहिती केंद्र सुरू झालं, किनाऱ्यावरच्या रडारसाखळीची आणि एआयएसची माहिती तिथे एकत्र येते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच आवारात हिंदी महासागरासाठी माहिती केंद्र उघडलं, तिथे मित्रदेशांचे अधिकारीही बसतात.

२००८ पासून २०१४ पर्यंतचा काळ मोज. तारा ओढायला एवढी वर्षं लागत नाहीत. कोणी कोणाला काय द्यायचं, कोणाच्या सहीने द्यायचं, रात्री तीन वाजता सही करणारा झोपला असेल तर काय, हे ठरवायला लागतात. अवकाशाच्या माहितीत हे आणखी कठीण होतं, कारण एखादं छायाचित्र कुठून आलं हे कळलं तरी आपला कुठला उपग्रह किती बारीक बघू शकतो ते समोरच्याला कळतं. म्हणून मालक ती माहिती हातची सोडायला कचरतो, आणि त्याचं कचरणं मला चूक वाटत नाही. तुझ्या प्रकरणात यावर दोन पानं असू देत. कुठली माहिती आपोआप जाईल, कुठली माणसाने पाहिल्यावर जाईल, हे शांततेच्या काळात बसून ठरवायचं आणि सरावात तपासायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अंतरिक्ष अभ्यास’ झाला, तो अशाच कामासाठी असतो.

सरावावरून आठवलं. सरावातल्या संदेशाच्या सुरुवातीला आम्ही ‘एक्सरसाइज’ हा शब्द तीनदा म्हणायचो. एकदा नव्हे, तीनदा, कारण रेडिओवर एखादा शब्द गिळला जातो. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिका-कॅनडाच्या नोरॅड या हवाई संरक्षण केंद्रात प्रशिक्षणाची माहिती चालू यंत्रणेत शिरली आणि पडद्यांवर सोव्हिएत रशियाचा प्रचंड क्षेपणास्त्र हल्ला दिसायला लागला. लढाऊ विमानं उडालीसुद्धा. प्रत्यक्ष रडार आणि उपग्रहांकडे थेट विचारणा केल्यावर कळलं की आकाश रिकामं आहे. त्या दिवशी माहिती सगळीकडे अगदी वेळेवर पोचली होती, हे लक्षात ठेव.


कक्षेतला गिरगावकर (सोमवार, दुपारी १:३०)

काकांचं तीन वेळांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. मी बंगळूरला असतो, कक्षा काढण्याचं काम करतो, नागरी बाजूला. त्या बाजूने भर घालतो.

ताई, तुमचे १८ सेकंद ही घड्याळाची चूक झाली. आमच्याकडे घड्याळं तीन: यूटीसी, जीपीएस वेळ, आणि आण्विक वेळ म्हणजे टीएआय, जी यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. शेवटचा लीप सेकंद घातला गेला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट, साडेपाच वाजत होते. २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायचं जागतिक पातळीवर ठरलंय, पण तोवर आणि त्यानंतरही जुन्या नोंदी या फरकासकटच राहणार.

याशिवाय संदर्भचौकट, आम्ही फ्रेम म्हणतो. ‘अमुक उपग्रह या क्ष, य, झ वर आहे’ असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अक्ष कुठले? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. २००० सालच्या आसावर बेतलेली एक फ्रेम आहे, आणि त्या त्या दिवसाच्या आसावर बेतलेली दुसरी, जी अमेरिकेच्या जाहीर कक्षा-यादीसोबत वापरावी लागते. आज या दोन फ्रेममध्ये खालच्या कक्षेत चाळीसेक किलोमीटरपर्यंत फरक पडतो. दोन्हीकडचे आकडे तितकेच व्यवस्थित दिसतात, सहा दशांश स्थळांपर्यंत. पाहून चूक कळत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तिसऱ्याच गोष्टीकडे. मोजणाऱ्याला आपल्या मोजमापाची किती खात्री आहे, हे सोबत पाठवलं जात नाही.

तुम्ही ते दोन ओळींचे कक्षा-आकडे पाहिले असतील, टीएलई म्हणतात. प्रत्येक ओळ ६९ अक्षरांची, पंचकार्डांच्या जमान्यातली. वर्षाला दोनच आकडे, वस्तूच्या क्रमांकाला पाच. त्यात उपग्रह कुठे असेल ते काढता येतं, पण तो अंदाज किती चुकू शकतो याला जागाच नाही. १० फेब्रुवारी २००९ ला याची किंमत मोजावी लागली. सैबेरियाच्या वर ७८९ किलोमीटर उंचीवर इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले, सेकंदाला साडेअकरा किलोमीटरांहून जास्त वेगाने. त्या दिवशीच्या जाहीर आकड्यांवरून काढलेला अंदाज होता की ते एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील. त्या दिवसाच्या धोक्याच्या यादीत ही जोडी वरच्या क्रमांकावरही नव्हती. आकडा दिसायला नेमका होता, पण त्याच्या चुकीचा आवाका शेकडो मीटरांचा होता आणि तो आवाका आकड्यासोबत प्रवास करत नव्हता. मोठे म्हणजे यादीत नोंदवता येतील असे सुमारे दोन हजार तुकडे झाले.

त्यानंतर अमेरिकेने सगळ्याच चालू उपग्रहांसाठी इशारे द्यायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये टक्कर-इशाऱ्याच्या संदेशाचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला, सीडीएम. तो उघडून वाचाच, मोफत मिळतो. कोणी तयार केला, कधी केला, दोन्ही वस्तूंची स्थिती, कुठल्या फ्रेममध्ये, आणि खाली कोव्हेरियन्सचे आकडे, म्हणजे चूक कुठल्या दिशेला किती पसरलेली असू शकते. संदेश लांबलचक आणि वाचायला रुक्ष आहे, पण एकदा हातात आला की पाठवणाऱ्याला फोन करावा लागत नाही. तुमच्या अर्जाला असा नमुना आधार म्हणून पुरेल. रडारच्या कच्च्या मोजमापांसाठी टीडीएम आहे, कक्षेसाठी ओईएम आणि ओएमएम. नवीन नमुना शोधायला बसू नका.

‘सगळं एका यंत्रणेत ओता’ हा मोह मोठा असतो, त्याबद्दलही सांगतो. अमेरिकेने व्हँडनबर्गच्या अवकाश केंद्रासाठी जेएमएस नावाची एक मोठी एकत्रित यंत्रणा बरीच वर्षं बांधली. २०१८ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याची प्रत्यक्ष कामात चाचणी झाली आणि ती परिणामकारक नाही असा निष्कर्ष निघाला, काम थांबलं. त्यानंतर त्यांनी जोर दिला तो युनिफाइड डेटा लायब्ररीवर. पडदे ज्याचे त्याचे, गणित ज्याचं त्याचं, मधे एक सामाईक कोठार, त्यात लष्करी, व्यापारी आणि मित्रदेशांची मोजमापं लेबलं लावून ठेवलेली. तुमच्या तरुण सहकाऱ्यांची काफ्काची कल्पना याच जातीची आहे, ती टाकून देऊ नका. लेबलांचं काम आधी करा.

रिअल टाइम या शब्दाचं एकच माप धरू नका, हेही लिहा. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याला सेकंद मोजतात. छायाचित्राला मिनिटं ते तास. टक्करीच्या इशाऱ्यावर आम्ही दोनतीन दिवस आधीपासून बसतो, आणि तिथे ५०० मिलिसेकंदांनी काही फरक पडत नाही, रात्रीतून मिळालेलं आणखी एक चांगलं मोजमाप मात्र सगळं चित्र बदलतं.


रात्रपाळी ठाणे (सोमवार, रात्री ११:२०)

मी संरक्षण क्षेत्रातला नाही. शेअर बाजाराच्या भावांचा प्रवाह दलालांपर्यंत पोचवणाऱ्या डेटा सेंटरमध्ये काम करतो, मुंबईतच. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा काय होतं ते पंधरा वर्षं पाहतोय, म्हणून बोलायचं धाडस करतो.

ताईंच्या यादीत मला एक गोष्ट दिसली नाही: गप्प बसलेला प्रवाह. मी नवा असताना एका ठिकाणी भावांचा प्रवाह मधेच तुटला, पण पडद्यावर शेवटचे भाव तसेच राहिले. रंगही हिरवा. चाळीस सेकंद कोणाला कळलं नाही, कारण कमी उलाढालीच्या शेअरचा भाव चाळीस सेकंद न हलणं हे रोजचंच. ‘नवीन काही घडलं नाही’ आणि ‘जोडणी तुटली’ या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसत होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक प्रवाहात दोन गोष्टी मागतो. प्रत्येक संदेशाला सलग अनुक्रमांक, म्हणजे ४१७ नंतर ४१९ आला की ४१८ हरवला हे घेणाऱ्याला स्वतःलाच कळतं. आणि काही सांगायचं नसेल तेव्हाही ठरावीक अंतराने ‘मी जिवंत आहे’ असा हार्टबीट. तो चुकला की पडद्यावरचे आकडे आपोआप राखाडी झाले पाहिजेत.

काकांनी १९७९ चं सांगितलं, त्याच नोरॅडमध्ये ३ जून १९८० ला काय झालं ते इथे लागू पडतं. तिथून बाहेरच्या ठाण्यांकडे जोडणी चालू आहे हे कळावं म्हणून सतत संदेश जायचे, आणि त्यांचा साचा खऱ्या हल्ल्याच्या संदेशाचाच होता. क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्य. एका ४६ सेंटच्या चिपमध्ये बिघाड झाला आणि शून्यांच्या जागी २ उमटायला लागले. पडद्यावर २ क्षेपणास्त्रं, मग २००, मग २२००. पुढे त्यांनी हार्टबीटचा साचा बदलला, त्यात हल्ल्याचा उल्लेखच ठेवला नाही. हार्टबीट कितीही बिघडला तरी त्याची धोक्याची घंटा होता कामा नये, एवढं साच्यातच बसवा.

गोपनीयतेबद्दलही थोडं. वेगवेगळ्या पातळीच्या जाळ्यांमध्ये माहिती एकाच दिशेने जावी म्हणून डेटा डायोड लावतात. एका बाजूला फक्त प्रकाश पाठवणारं टोक, दुसऱ्या बाजूला फक्त घेणारं. उलट दिशेला तारच नाही, त्यामुळे खालून वर गेलेली माहिती परत झिरपायची सोय नाही. पण मग ‘मिळालं’ अशी पोचही परत येत नाही. काफ्का किंवा नेहमीचं टीसीपी (इंटरनेटवर माहिती पोचवायची पद्धत) पोचेवर चालतं, ते डायोडमधून जसंच्या तसं जाणार नाही. दोन्ही बाजूंना मधला दुवा लावावा लागतो, आणि हरवलेला तुकडा घेणाऱ्याला स्वतःच जुळवता यावा म्हणून थोडी जादा माहिती आधीच सोबत पाठवावी लागते. तुमच्या सहकाऱ्यांनी हे गृहीत धरलंय का ते विचारा. बऱ्याच आराखड्यांत इथेच खड्डा असतो.

आणि जोडणी वाढली की दारंही वाढतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर आक्रमण सुरू झालं त्याच पहाटे, केए-सॅट या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. वर आकाशात उपग्रहाला काही झालं नाही. जमिनीवरच्या व्यवस्थापनाच्या जाळ्यात चुकीच्या तऱ्हेने मांडलेल्या व्हीपीएनमधून (बाहेरून आत यायच्या राखीव वाटेतून) हल्लेखोर शिरले आणि हजारो मोडेम निकामी केले. मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरची दूरदेखरेख बंद पडली, ज्यांचा युद्धाशी काही संबंध नव्हता. एका यंत्रणेचं व्यवस्थापन आणि तिची माहिती एकाच जाळ्यावर ठेवू नका.


शिवडीची खाडी (बुधवार, रात्री १२:०५)

काका, गिरगावकर, रात्रपाळी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आज दिवसभर याच्यावरच बसले होते.

स्लाइड बदलली. ५०० मिलिसेकंद काढून टाकलं. त्या जागी एका नोंदीचं चित्र काढलंय, मोठ्या आकारात, प्रत्येक रकाना वाचता येईल असं. मोजलं कधी, पाठवलं कधी, मिळालं कधी; घड्याळ कुठलं; फ्रेम कुठली; चुकीचा आवाका किती; मोजलं कोणी; पुढे कोणाला देता येईल; अनुक्रमांक. यातला एकही रकाना रिकामा असेल तर आमचं सॉफ्टवेअर ती नोंद सामाईक कोठारात घेणार नाही, वेगळी ठेवेल आणि पाठवणाऱ्याला कळवेल. साहेबांनी विचारलं, याने वेग कमी होईल ना? मी त्यांना त्या दोन ठिपक्यांचा जुना स्क्रीनशॉट उघडून दाखवला. ते बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, हा पण टाक अर्जात.

पुढे कोणाला देता येईल, तो रकाना काकांमुळे आला. एप्रिल २०२२ मध्ये भारत-अमेरिकेत अवकाशातल्या वस्तूंच्या माहितीबद्दल समझोता झाला, तेव्हा बाहेरून आलेल्या मोजमापांवर देणाऱ्याच्या अटी असणार हे उघड आहे. दहा मोजमापांतून एक कक्षा काढली आणि त्यातलं एक अटीचं असेल, तर निघालेल्या कक्षेलाही ती अट चिकटली पाहिजे. हे गणित मला आज संध्याकाळी कुर्ल्याला गाडी थांबली होती तेव्हा सुचलं, घरी येऊन आधी तेच लिहिलं.

डायोडचं सहकाऱ्यांना विचारलं. गृहीत धरलेलं नव्हतं. उद्या सगळे त्याच्यावर बसणार आहेत.

एक शेवटची शंका, काका. सरावाची खूण मी प्रत्येक नोंदीतच ठेवलीय, फाइलच्या सुरुवातीला नाही, म्हणजे नोंद सुटी होऊन कुठेही गेली तरी खूण सोबत जाईल. पडद्यावर ती कशी दाखवू? आत्ता सरावाचे ठिपके लाल केलेत.


निवृत्त बिनतारी (बुधवार, पहाटे ५:४०)

लाल नको. रात्री डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून जहाजाच्या ब्रिजवर लाल दिवा लावतात, आणि त्या उजेडात लाल शाई कागदावरून नाहीशी होते. सागरी नकाशांवर महत्त्वाच्या खुणा किरमिजी रंगात छापतात त्या याचसाठी. तुझा पडदा कुठल्या खोलीत, कुठल्या दिव्याखाली लागणार आहे हे तुला माहीत नाही. रंग कुठलाही दे, पण प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी ‘सराव’ हा शब्द अक्षरांत लिही. आणि झूम कितीही कमी केलं तरी तो शब्द लपता कामा नये, हे स्वतः करून बघ.


शिवडीची खाडी (बुधवार, सकाळी ७:१०)

आत्ताच करून पाहिलं. तिसऱ्या पायरीला शब्द लपत होता. दुरुस्त करतेय.